डॉन बॉस्को यांचा करारनामा

श्रोतेहो, नमस्कार.

संतांच्या चरित्रात आपण चमत्कार शोधतो. मला मात्र डॉन बॉस्कोंच्या चरित्रातला एक स्टॅम्पपेपर सगळ्यात मोलाचा वाटतो.

आपल्याकडे ‘डॉन’ म्हटलं की भलतंच कुणीतरी डोळ्यांसमोर येतं! इटलीत तो शब्द धर्मगुरूंच्या नावाआधी आदरानं लावतात. तर हे जॉन बॉस्को. जन्म १८१५चा, शेतकऱ्याच्या घरातला. दोन वर्षांचे व्हायच्या आतच वडील गेले. १८४१ साली ते धर्मगुरू झाले आणि तूरिन शहरात आले. त्याच वर्षी, ८ डिसेंबरला, चर्चमधला सेवक एका गवंडीकाम करणाऱ्या अनाथ पोराला मारून हाकलत होता. बॉस्कोंनी त्याला परत बोलावलं. लिहिता येतं का, वाचता येतं का, गाता येतं का, सगळ्याला उत्तर ‘नाही’. मग त्यांनी विचारलं, शीळ तरी घालता येते का? पोरगं हसलं. तिथून काम सुरू झालं.

अशी पोरं तूरिनमध्ये ढिगानं होती. खेड्यांतून रोजगारासाठी आलेली, कुणी विचारणारं नसलेली. ती बॉस्कोंकडे जमू लागली. त्यांचा गलका शेजाऱ्यांना नकोसा व्हायचा, म्हणून बॉस्कोंचं बिऱ्हाड इकडून तिकडे फिरत राहिलं. १८४६च्या ईस्टरला वाल्दोक्को भागात एक बुटकी पडवी भाड्यानं मिळाली, तेव्हा कुठे जागा झाली. म्हाताऱ्या आई, मार्गारिता, गाव सोडून पोरांचा स्वयंपाक नि शिवणटिपण करायला तिथे येऊन राहिल्या.

आता तो कागद. ८ फेब्रुवारी १८५२. एका सुतारानं बॉस्कोंकडच्या एका मुलाला शिकाऊ उमेदवार म्हणून ठेवून घेतलं, त्याचा करार. सुतारानं मुलाला धंदा नीट शिकवायचा. चुकला तर शब्दांनी समजवायचं, हात उगारायचा नाही. धंद्याबाहेरची हरकामं सांगायची नाहीत. सणावारी सुट्टी द्यायची. खाली बॉस्कोंची सही. कामावरच्या पोराला मारणं हा मालकाचा हक्कच समजला जायचा, त्या काळातली ही गोष्ट!

तरी दुसऱ्याच्या दुकानात काय चालतं, यावर किती लक्ष ठेवणार? म्हणून १८५३पासून त्यांनी स्वतःच्याच आवारात कारखाने काढले. आधी चांभारकाम आणि शिवणकाम, मग पुस्तकबांधणी, सुतारकाम, छापखाना. आपल्या माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा याच परंपरेतली.

आणि शिवणकाम त्यांना नवं नव्हतंच. लहानपणी शाळा शिकताना ते एका शिंप्याकडे राहत होते. टाके घालायला तिथेच शिकले.