पाणी जास्त, तर आवाज जाड की बारीक?

श्रोतेहो, नमस्कार.

आज घरच्या घरी वाद्यं करायची आहेत. घरात तीन ते सात वर्षांची मुलं असतील तर त्यांना हाक मारा. नसतील तरी बिघडत नाही. हे सगळे उद्योग मी नातवंडं जन्माला येण्याआधीही केलेले आहेत, आणि तेव्हा घरच्यांनी माझ्याकडे कसं पाहिलं ते सांगायला आज वेळ नाही.

सुरुवात खुळखुळ्यापासून. झाकणाचा डबा घ्यायचा, आत तांदूळ टाकायचे, झाकण लावायचं, हलवायचं. यात चुकण्यासारखं एकच आहे. डबा पावच भरायचा. पुन्हा सांगतो, पाव. मूल तो काठोकाठ भरतं, कारण जास्त तांदूळ म्हणजे जास्त आवाज, असा त्याचा सरळ हिशोब. भरू द्या. हलवू द्या. डबा मुका निघतो. दाण्यांना उडायलाच जागा नाही, तर ते आदळणार कुठे? या वेळी आपण तोंड मिटून बसायचं. मूल डबा कानाशी नेतं, मग थोडे तांदूळ ओतून बघतं, त्यातले निम्मे जमिनीवर जातात. केरसुणी हाताशी ठेवा.

मग तेच मूठभर तांदूळ एकदा पत्र्याच्या डब्यात, एकदा पुठ्ठ्याच्या खोक्यात, एकदा प्लॅस्टिकच्या बरणीत. डोळे मिटून ओळखायचं, कोण वाजलं. माझी नात हे माझ्याआधी ओळखते. तिचे कान पाच वर्षांचे आहेत आणि माझे सदुसष्ट, त्यामुळे मी मनाला लावून घेत नाही.

तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर मात्र झाकणावर चिकटपट्टीचे इतके वेढे द्या की उघडताना तुम्हालाच राग यावा. दाणा नाकात गेला की ओलाव्याने फुगतो. तो घरी कोरून काढायचा नाही, डॉक्टरांकडे जायचं. डब्याच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून ढोल करणार असाल, तर फुग्याचे कापलेले तुकडे लगेच उचला. ते घशात बसतात. दाणे आणि फुग्याचे तुकडे, लहानग्याच्या हाती दोन्ही लागता कामा नयेत.

दुसरी रबराची सतार. सतार आपण म्हणायचं, असतं ते पुठ्ठ्याचं खोकं. झाकण काढलेल्या खोक्यावर तीन-चार रबरबँड ताणून बसवायचे, जाड आणि बारीक मिसळून. छेडलं तर नुसतं फट् फट् वाजतं, कारण रबर काठाला घासतं. आता रबरांखाली एका बाजूला पेन्सिल आडवी सरकवा. ही आपली घोडी, म्हणजे सतारीत तारांना खालून उचलून धरते ती पट्टी. रबर काठापासून उचललं जातं आणि आवाज मोकळा होतो. पेन्सिल पुढे सरकवली, वाजणारी लांबी निम्मी झाली, की जवळपास वरचा सा मिळतो. आणखी एक गंमत. तोच रबरबँड खोक्यावरून काढा, दोन हातांत धरून ताणा, आणि मुलाला छेडायला सांगा. आणखी ताणा, पुन्हा छेडा. आवाज चढेल असं वाटतं, पण तो म्हणावा तसा चढत नाही. ताण वाढतो तशी लांबीही वाढते. एक आवाज वर ओढतो, दुसरी खाली.

आणि कृपा करून या खोक्याला चमचम चिकटवू नका. मला त्या चमचमीचा फार राग आहे. तासभर डिंक, रंग, टिकल्या चालतं, शेवटी खोकं वाळत ठेवतात आणि वाजवायचं राहूनच जातं. आपल्याला वाद्य करायचं होतं, रुखवत नाही. बटण दाबलं की एकच धून वाजवणाऱ्या बॅटरीच्या खेळण्यांबद्दल तर मी बोलतच नाही, नाहीतर आजचा वेळ त्यातच जाईल.

आता बाटल्या. खरं सांगायचं तर आजचं सगळं बोलणं मी या बाटल्यांसाठीच मागून घेतलं.

सुट्टीचा दिवस होता, बाहेर पाऊस. नातू सात वर्षांचा, नात पाच. दोघांना घेऊन टेबलाशी बसलो. काचेच्या, अरुंद गळ्याच्या, अगदी सारख्या सहा बाटल्या जमवल्या होत्या. सारख्या सहा बाटल्या जमवणं हेच अर्धं काम आहे हो. आता प्रत्येक बाटलीचा आकार निराळा, झाकण निराळं, एकाचं झाकण दुसरीला बसेल तर शपथ. असो. बाटल्या धुतल्या, पिण्याचं पाणी भरलं. डावीकडे गळ्यापर्यंत, मग कमी कमी करत उजवीकडे एक पूर्ण रिकामी. नातीच्या हातात लाकडी चमचा दिला. तिने डावीकडून हलकेच टणटण सुरू केलं, आणि आवाज पायऱ्या चढावा तसा चढत गेला.

मी शिक्षकाच्या थाटात म्हणालो, “बघा, पाणी जास्त, आवाज जाड. पाणी कमी, आवाज बारीक. लक्षात राहील?” दोघांनी माना डोलावल्या. माझं काम झालं म्हणून मी आत जाऊन आडवा झालो. दुपारी झोपणाऱ्याला लोक आळशी का म्हणतात मला कळत नाही. सकाळी साडेचारला उठणाऱ्याचं कौतुक करायला हेच लोक पुढे असतात, आणि तो माणूस दुपारी झोपतोच.

डोळा लागला तोच भांडण ऐकू आलं. नातू धावत आला. “आबा, ती उलटं सांगतेय. पाणी जास्त तर आवाज बारीक असतो.” मागोमाग ती, चमच्यासकट. “नाही, जाड! आबांनीच सांगितलंय.”

मी पडल्यापडल्या निकाल दिला. “ती बरोबर आहे. तू चुकतोयस. जा.”

तो काही बोलला नाही. गेला. हा मुलगा वाद घालत नाही तेव्हा सावध व्हायला हवं, हे मला माहीत असायला हवं होतं.

पाच मिनिटांनी माझ्या कानाशी जहाजाचा भोंगा वाजला. अक्षरशः भोंगा. मी उठून बसलो, तर हा एक बाटली खालच्या ओठाशी टेकवून तिच्या तोंडावरून आडवी फुंकर घालतोय. “ही जवळजवळ रिकामी,” तो म्हणाला. मग दुसरी बाटली उचलली, गळ्यापर्यंत भरलेली. फुंकली. शिट्टी वाजावी तसा बारीक आवाज. “ही भरलेली. आता सांग.”

श्रोतेहो, मी सांगणार काय? ती वाजवत होती चमच्याने, तो वाजवत होता फुंकरीने. बाटल्या त्याच, पाणी तेच, आणि दोघंही बरोबर. चुकलो होतो मी, न ऐकता निकाल देणारा. त्याची माफी मागितली. त्याने ती मोठ्या मनाने दिली आणि पुन्हा एकदा भोंगा वाजवला.

कारण दोन वाक्यांत सांगतो. चमचा मारला की थरथरते काच, आणि आतलं पाणी हे तिच्यावरचं ओझं. ओझं वाढलं की थरथर संथ, आवाज जाड. फुंकर मारली की थरथरते आतली हवा, आणि पाणी तिची जागा खातं. जागा कमी झाली की थरथर वेगात, आवाज बारीक. जलतरंग वाजवणारे पहिल्या तऱ्हेने जातात, वाडग्यात पाणी वाढवून सूर उतरवतात. फुंकरीच्या तऱ्हेमागचं गणित जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखलं जातं. त्या हिशोबाने बाटलीतली हवा चौथाई उरली की रिकाम्या बाटलीपेक्षा साधारण एक सप्तक वरचा सूर लागतो. पुन्हा सांगतो, कानात राहू दे: चमच्याने, पाणी जास्त तर आवाज जाड. फुंकरीने, पाणी जास्त तर आवाज बारीक.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आता दोघांना एकत्र वाजवायचं होतं, आणि खरं भांडण पुढे आहे.

नातीला तिसरी बाटली थोडी उतरलेली वाटत होती. तिने काय करावं? बाटली उचलली आणि एक घोट प्यायली. चमचा मारला. अजून नाही. आणखी अर्धा घोट. टण्! लागला सूर. पाण्याचा घोट घेऊन सूर लावणारा कलाकार मी आजवर पाहिला नव्हता. मी टाळ्याच वाजवणार होतो, एवढ्यात नातवाने तीच बाटली ओठाला लावली आणि किंचाळला, “माझा सूर बिघडवला!” खरंच बिघडला होता. तिच्या एका घोटाने तिचा आवाज वर गेला आणि त्याचा खाली आला. त्याने रागाने पेल्यातून पाणी घातलं, तिचा उतरला. ती प्यायली. त्याने घातलं. अर्ध्या तासात ती पोर किती पाणी प्यायली याचा हिशोब पुढे रात्री लागला, तो रेडिओवर सांगत नाही.

पेल्यात पाणी भरून सूर लावायचा खटाटोप अमेरिकी शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनीही पाहिला होता. त्यांनी १७६१ साली पाणीच काढून टाकलं. लहानमोठे काचेचे ३७ वाडगे एका आसावर ओवले, तो पायाने फिरवायचा आणि ओलं बोट वाडग्यांच्या कडेला टेकवायचं. त्या वाद्यातला सूर कुणी पिऊन टाकू शकत नाही. त्या दुपारी मला फ्रँकलिन यांच्याबद्दल फार आपुलकी वाटली.

आमची तोड निघाली ती नातवाच्या रुसव्यातून. तो रागाने टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला. तिथून त्याची डावी बाजू म्हणजे तिची उजवी. त्याने रिकाम्या बाटलीपासून एकेक उचलून फुंकायला सुरुवात केली, आणि त्याचाही आवाज डावीकडून उजवीकडे चढत गेला. सहा बाटल्यांची एकच रांग, दोन्ही बाजूंनी शिडी वरच जाते! सूर एकमेकांशी जुळत नव्हते, ते जुळणार नव्हतेच, पण मधल्या बाटल्यांसाठी दोघांचे हात एकदम पुढे येत आणि त्यावर ती दोघं इतकी हसत की माझी बायको बाहेर येऊन बघून गेली. ऐकायला भयंकर होतं ते. जेवायची हाक येईपर्यंत चाललं.

सूर हरवू नयेत म्हणून आम्ही पाण्याच्या पातळीवर बाहेरून चिकटपट्टीचे तुकडे लावले. हे तुम्हीही करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून. नातीने त्यावर अक्षरं काढली. बाटल्या पुढे फ्रिजमध्ये गेल्या, पट्ट्या तशाच राहिल्या. आजही फ्रिज उघडला की ‘ग’ समोर येतो, आणि पाणी त्या खुणेच्या खाली गेलं की जाब मला विचारतात.

अरे, पुंगी राहिलीच. घाईने सांगतो. शीतपेयाची प्लॅस्टिकची नळी घ्या, कागदी नको, ती भिजून मऊ पडते. एक टोक बोटभर दाबून चपटं करायचं, दोन्ही कोपरे तिरपे कापून टोकदार करायचं. ते टोक ओठांच्या आत धरून जोरात फुंकायचं. वाजलं नाही तर आणखी चपटं करा. सनईत जसं पत्तीच्या थरथरीने वाजतं, तसंच हे. मग फुंकता फुंकता पलीकडचं टोक कात्रीने थोडं थोडं कापत जा. कात्री मोठ्या माणसाच्याच हातात, आणि फुंकणाराही तोच. प्रत्येक तुकड्याला आवाज वर चढतो आणि मुलं खाली बसून हसत राहतात. नळी बोटभर उरली की तो आवाज थेट डासासारखा होतो, आणि तेवढ्यात घरातलं कुणीतरी येऊन आपल्या हातातली कात्री काढून घेतं.