न्यूट्रलला आलं की बंद

[दृश्य: देवबाग, कर्ली खाडीचा काठ. ताडपत्री काढलेल्या होड्या, ओल्या वाळूत उमटलेले पाय. इंजिनाची दोरी ओढल्याचा आवाज.]

निवेदन:

१ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या होड्यांना मासेमारी बंद. ऑगस्ट लागला की मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर पहिली धावपळ असते ती इंजिनांची. दोन महिने पडवीत पडून असलेलं इंजिन दोघंजण उचलून आणतात, होडीच्या मागच्या फळीवर चढवून स्क्रू आवळतात, चोक, म्हणजे हवा कमी करून पेट्रोल वाढवणारी कळ, ओढून दोरीला हिसका देतात. चौथ्या-पाचव्या हिसक्याला ते धूर ओकत सुरू होतं. खाडीत सोडलं तर पळतंही झकास.

[दृश्य: होडी वेगात. मग जेटीकडे वळते. आवाज उतरतो, दोन आचके, शांतता.]

रडगाणं सुरू होतं ते इथे. वेग उतरवून न्यूट्रलला आणलं की इंजिन बंद. पुन्हा दोरी, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. जेटीला लागताना हे चालून जातं, फार तर बाजूच्या होडीला धक्का बसतो आणि दोन शिव्या खाव्या लागतात. पण कर्लीच्या मुखाशी, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, लाटेचा अंदाज घेत क्षणभर वेग उतरवावा लागतो. तिथे इंजिन गेलं तर होडी लाटेला आडवी व्हायला वेळ लागत नाही.

यावर किनाऱ्यावरचा सर्रास इलाज म्हणजे आयडलचा, म्हणजे न्यूट्रलला इंजिन किती वेगात चालावं ते ठरवणारा, स्क्रू पिळून वेग वाढवून ठेवणं. इंजिन बंद पडत नाही हे खरं. पण मग गिअर टाकताना खाडकन आवाज येतो, आतल्या क्लचचे दात झिजत जातात आणि जेटीपाशी होडी आवरत नाही. थोडक्यात, दुखणं तसंच राहतं आणि खर्च मात्र वाढतो.

[दृश्य: मिस्त्री इंजिनाचं झाकण काढतो. कार्बोरेटरचं जवळून चित्रण.]

‘पळताना तर मस्त पळतां, मग कचरो खंय असतलो?’ कार्बोरेटरमध्ये कचरा आहे म्हटलं की मिस्त्रीला हा प्रश्न दर सीझनला ऐकावा लागतो. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. त्यात पेट्रोलला दोन वाटा असतात. वेगात असताना मोठा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी भोकाची तोटी, काम करतो. वेग उतरला की हवेची झडप जवळजवळ मिटते आणि इंजिन जगतं ते फक्त लहान, म्हणजे पायलट जेटवर. त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल दोन महिन्यांत उडून जातं आणि मागे चिकट, पिवळट थर उरतो. मोठ्या जेटला त्याचं काही वाटत नाही, लहान जेट मात्र बुजून जातो. म्हणून फुल्ल वेगात इंजिन कितीही गर्जलं तरी कार्बोरेटर साफ आहे असं ठरत नाही.

तरीही हा मिस्त्री लगेच पाना उचलत नाही. आम्हाला त्याची हीच गोष्ट आवडली.

[दृश्य: मिस्त्री होडीतल्या पोऱ्याला खुणावतो.]

‘वाईच फुगो दाब बघूया.’

टाकी आणि इंजिन यांच्यामधल्या नळीवरचा रबरी फुगा. इंजिन आचके द्यायला लागलं की दुसऱ्याने तो दाबायचा. तेवढ्याने इंजिन सावरलं तर पेट्रोल वाटेतच अडतंय: नळीला चीर, सैल जोड, पंपातला फाटका पडदा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला असेल तर फुगा चपटा होऊन बसतो. हे शोधायला पैसे पडत नाहीत, पण बघतो कोण!

फुगा दाबून फरक पडला नाही, तर चोक हळूच ओढायचा. इंजिन स्थिर झालं, तर त्याला पेट्रोल कमी पडतंय. संशय पायलट जेटवर, किंवा कुठून तरी जादा हवा आत शिरतेय. चोक ओढताच आणखी लवकर गुदमरलं, तर कार्बोरेटर जरा बाजूला ठेवा आणि ठिणगी पाडणारा प्लग काढा.

[दृश्य: तळहातावर काळाकुट्ट, ओला प्लग.]

हा बघा. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. त्याला पन्नासास एक हे प्रमाण सांगितलं असेल तर लिटरमागे २० मिली ऑइल. पण हात सढळ असतो. ‘इंजिन सुटं राहूंदे’ म्हणून वर एक धार जास्तच. वेगात ते जळून जातं, मंद चालताना प्लगवर साचतं आणि ठिणगी मरते. बरं, इंजिन दोन सिलिंडरचं असेल तर एक सिलिंडर मेला तरी वेगात पटकन कळत नाही, न्यूट्रलला लगेच कळतं.

आता पेट्रोल. हल्ली पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हवेत पाण्याला काय तोटा! पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो आणि टाकीच्या तळाशी बसतो. पेट्रोल ओढणारी नळीही तळाशीच असते. काचेच्या बाटलीत थोडं काढून घटकाभर ठेवा, दोन थर दिसले की ते पेट्रोल वापरायचं नाही. जुन्या पेट्रोलवर नवं ओतून भागत नाही.

[दृश्य: कार्बोरेटर उघडलेला. जवळपास कुणाच्या हातात विडी नाही.]

शेवटी कार्बोरेटर उघडलाच. जेटच्या भोकात तार घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट फुकट गेला. मिस्त्री जाळ्याच्या पिशवीतून बारीक तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉन दोरा, काढतो. मच्छीमाराच्या घरात त्याला काय तोटा! क्लीनर फवारायचा, तंगूस फिरवायचा, वर हवा मारायची आणि जेट उजेडाकडे धरायचा. गोल, स्वच्छ उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे.

[दृश्य: जेट आकाशाकडे धरलेला. मग इंजिन पुन्हा जागेवर.]

आयडलचा स्क्रू आता फिरवायचा. होडी पाण्यात, जेटीला घट्ट बांधलेली. इंजिन चांगलं तापलेलं, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बाहेर पडतेय. इंजिनाने मिनिटाला किती फेरे घ्यायचे हे त्याच्या पुस्तकात असतं, शेजाऱ्याच्या इंजिनाचा आकडा आपल्याला चालत नाही. न्यूट्रलला जमलं की गिअरमध्ये टाकून बघायचं, कारण पंख्यावर पाण्याचा भार आला की वेग आणखी उतरतो. पुढे, न्यूट्रल, मागे, न्यूट्रल.

एवढं करूनही बंद पडत असेल तर सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायचं. ते कमी भरलं तर काम किनाऱ्यावरचं नाही, इंजिन वर्कशॉपला न्यायचं.