कंबर कुठे मोजायची?

राम राम मंडळी. शिलाई मशीनच्या खणात टेप पडलेली असेल तर ती काढून ठेवा. टेप नसेल तर सुतळी चालेल, तिचं पुढे सांगतो.

आधी बीएमआय. उंचीच्या मानानं वजन किती, एवढंच तो सांगतो. उंचीसाठी अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, टाचा भिंतीला लावा, डोक्यावर वही आडवी धरायला सांगा आणि पेन्सिलनं खूण करा. वजन सकाळी, काही खाण्याआधी करायचं. काटा पक्क्या फरशीवर ठेवा, सतरंजीवर ठेवला की तो खोटं बोलतो. घरी काटा नसेल तर भुसार दुकानातला चालतो. दुकानदार हसला तर त्यालाही चढवा.

आता मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर उघडा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं भागा, आणि आलेल्या उत्तराला पुन्हा त्याच उंचीनं भागा. समजा वजन ७० किलो आणि उंची ५ फूट ५ इंच, म्हणजे १.६५ मीटर. पहिल्या भागाकारात ४२.४ येतात, दुसऱ्यात २५.७.

जागतिक मापानं हा माणूस जरासा जाड. आपल्याकडच्या मापानं मात्र तो लठ्ठ. आपल्यासाठी तज्ज्ञांनी वजन जास्त असल्याची रेघ २५ वरून २३ वर आणली आहे आणि २५ पासून लठ्ठपणा धरला आहे. हा काही आपल्यावर अन्याय नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्याला हाड, मांस आणि चरबी यातला फरक कळत नाही. मुळात हे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञानं मांडलं, तेही समाजाची सरासरी बघण्यासाठी.

म्हणून माझा भर टेपवर आहे. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, अशी माणसं आपल्या जळगाव-धुळ्यात कितीतरी. घरचे कौतुकानं म्हणतात, खात्यापित्या घरचा आहे. पण ती चरबी नुसती कातडीखाली नसते, आत यकृताभोवती आणि आतड्यांभोवती साचते. मग इन्सुलिनचा असर कमी होतो आणि रक्तातली साखर वाढू लागते. बीएमआय २२ असला तरी हे घडू शकतं.

कंबर मोजण्यात सगळ्यात मोठी फसगत पँटची. विचारलं की भाऊ सांगतो, ‘मनी पँट चौतीसनी शे, मंग कंबर चौतीसच ना?’ अहो, पँट पोटाच्या खाली बांधलेली असते! करदोटाही तसाच खाली घसरतो. बरगडीचं सगळ्यात खालचं हाड बोटानं चाचपा, मग कुशीतलं कमरेचं हाड शोधा. या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप येऊ द्या. कपड्यावरून मोजू नका. बायांनी परकराचा नाडा सैल करावा आणि त्याच्या वळावर टेप लावू नये. टेप सगळीकडून जमिनीला समांतर हवी, अंगाला टेकलेली पण रुतलेली नको. मागून ती खाली गेलीय का ते दुसऱ्याला बघायला सांगा. पोट आत ओढू नका, इथे कोणी मुलगी बघायला आलेलं नाही. नेहमीसारखा श्वास सोडा आणि तेव्हाच आकडा वाचा.

पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. बायांची ८० च्या आत, साडेएकतीस इंच. पुन्हा सांगतो: पुरुष ९०, बाया ८०.

आता सुतळी. आपल्या उंचीएवढी तोडा आणि बरोबर मध्ये दुमडा. दुमडलेली सुतळी कमरेभोवती पुरली तर ठीक, टोकं जुळली नाहीत तर घेर जास्त आहे. आकडे वाचता न येणाऱ्या आजीलाही हे जमतं.

गरोदर बायांना यातलं काहीच लावू नका. लहान मुलांचे तक्ते वेगळे, ते अंगणवाडीत मिळतील. आखाड्यातल्या पैलवानाचा बीएमआय मांसानं वाढतो, त्यानं टेपच बघावी. पाठीत वाकलेल्या म्हाताऱ्यांची उंची कमी भरते, म्हणून त्यांचा बीएमआय उगाच जास्त येतो. आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या श्रोत्यांनो, १८.५ च्या खालचा आकडाही तेवढाच गंभीर आहे. वजन कमी म्हणजे तब्येत झकास, असं नव्हे.

महिन्यातून एकदा मोजा, कॅलेंडरवर लिहा. रोज मोजून काही हाती लागत नाही, आणि भरीत पार्टीच्या दुसऱ्या दिवशी तर मोजूच नका. भरताला माझी ना नाही, वांगं बिचारं निरपराध आहे. त्यावर सुटणारं तेल आणि जोडीला शेवभाजीची तर्री, हिशेब तिथे चुकतो.

घेर रेघेच्या पुढे निघाला तर घाबरून उपास धरू नका. वय तिशीच्या पुढे असेल तर साखर आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आकडे लिहिलेला कागद सोबत न्या. उपाशीपोटीची साखर तपासायची असेल तर सकाळचा चहासुद्धा घेऊ नका, बिनसाखरेचाही नाही. पाणी चालेल.