खडकात लपवलेला कॅमेरा

(दृश्य: हर्णै बंदर, उतरतं ऊन. होड्यांमधून मासळी बैलगाड्यांत, गाड्यांतून वाळूवर. लिलावाचा गलबला.)

निवेदन:

दिवस कलला की हर्णैला लिलाव रंगतो. सुरमई, पापलेट, कोळंबीच्या राशींभोवती घोळका जमतो, बोली चढत जाते. इथून जवळच, मुरुडच्या समुद्रात, सकाळी पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होड्या निघतात. डॉल्फिन आणि जाळी दोन्ही एकाच पाण्यात. म्हणूनच डॉल्फिनच्या शिकारीवरच्या ‘द कोव्ह’ या २००९ च्या माहितीपटावर झालेला वाद कोकणात बसून समजून घ्यावासा वाटला.

(दृश्य: काळोख, खडकांवर फुटणाऱ्या लाटा.)

जपानमधलं तैजी गाव. सप्टेंबर लागला की इथले मच्छीमार होड्यांची रांग धरतात, पाण्यात सोडलेल्या धातूच्या दांड्यांवर हातोडे मारतात आणि त्या आवाजाने भेदरलेले डॉल्फिन किनाऱ्याकडे हाकतात. काही मत्स्यालयांसाठी निवडले जातात. उरलेले आडोशाच्या खाडीत मारले जातात. तिथं कॅमेऱ्याला मज्जाव होता.

दिग्दर्शक लुई सिहोयोस यांनी मग हॉलिवूडसाठी मॉडेल बनवणाऱ्या कारागिरांकडून खोटे दगड करवून घेतले. आत कॅमेरे बसवले. रात्री, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून पहाऱ्यावर नजर ठेवत, त्यांची माणसं ते दगड खाडीकाठी ठेवून आली. एका दमात खोल बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांनी पाण्याखाली आवाज टिपणारी यंत्रं लावली. उजाडल्यावर त्या दगडांतून जे दिसतं, ते लाल होत जाणारं पाणी पाहून कुणीही हादरेल.

अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात प्रेक्षक पुरस्कार, मार्च २०१० मध्ये ऑस्कर. समीक्षकांनी त्याची तुलना दरोड्याच्या आणि हेरगिरीच्या सिनेमांशी केली आणि ती कौतुकाने केली. चित्रपटाचा कणा आहेत रिक ओबॅरी. १९६० च्या दशकात टीव्ही मालिकेसाठी त्यांनी डॉल्फिन शिकवले आणि पुढचं आयुष्य डॉल्फिन मोकळे करण्यात घालवलं. त्यांच्या चेहऱ्यावरची बोच खरी आहे.

जपानमध्ये मात्र निदर्शनं झाली, काही चित्रपटगृहांनी खेळ रद्द केले. अखेर ३ जुलै २०१० ला सहा ठिकाणी चित्रपट लागला, तोही गावकऱ्यांचे चेहरे धूसर करून. शिकार परवान्यानेच होते, ती परंपरा आहे, असं तैजीचं म्हणणं. आकड्यांवरूनही वाद झाला. वर्षाला २३,००० डॉल्फिन मारले जातात, असं चित्रपट सांगतो; पण ही संख्या अख्ख्या जपानची, आणि त्यातला मोठा वाटा तैजीपासून दूर, ईशान्येकडे होणाऱ्या शिकारीचा.

परंपरेचा मुद्दा आम्हाला पटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं म्हणून क्रौर्य कमी होत नाही. कॅमेरे लपवले नसते तर ही खाडी जगाला दिसलीच नसती, तेव्हा त्या चोरीला आमची हरकत नाही.

हरकत दुसऱ्याच गोष्टीला आहे. थरारपटाला खलनायक लागतो. इथं एक मच्छीमार कॅमेऱ्यासमोर येऊन सारखा ‘प्रायव्हेट स्पेस’ म्हणून ओरडतो, आणि चित्रपटात त्याचं नावच ‘प्रायव्हेट स्पेस’ पडतं. तो कुठं राहतो, शिकार सुटली तर काय करून पोट भरेल, हे कुणी त्याला विचारत नाही. बंदरावर वाढलेल्या माणसाला हे टोचल्याशिवाय राहत नाही.

(दृश्य: होडीवर जाळं ओढणारे खलाशी.)

आपल्याकडे डॉल्फिनला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण आहे. तरी तो जाळ्यात अडकतो. त्याला सोडवायचं तर जाळं कापावं लागतं, आणि जाळं म्हणजे नाखव्याचं भांडवल. २०१८ पासून महाराष्ट्र सरकार अशा कापलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो, आणि तो खलाशी स्वतःच्या मोबाइलवर काढतात. हलती होडी, ओले हात, चित्र धड स्थिर नाही. कासव, देवमुशी (व्हेल शार्क) पुन्हा पाण्यात जाताना त्यात दिसतात.

यापुढचं चित्रण त्यांचंच आहे, आणि त्यावर बोलणार आहेत तेच. निवेदन इथं थांबतं.