दगडाची होडी

मंडळी, ठाण्याची खाडी इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि तुमच्यातले कितीतरी जण खाडीकाठच्या गावांतले. म्हणून सुरुवात होडीपासूनच करतो. ही होडी पांढऱ्या दगडाची. उत्तर अमेरिकेतल्या ओंटारिओ सरोवरावरून ती तरंगत आली, तिच्यात एक तरुण होता. तिथले मूळ रहिवासी इरोक्वॉय, त्यांच्या स्वतःच्या भाषेत हौडेनोशोनी, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. इंद्रायणीतून वर आलेली तुकोबांची गाथा आपण मानतो, तेव्हा ही होडीही मानायला हरकत नसावी. त्या तरुणाचं नाव ते लोक आदरापोटी एरवी उच्चारत नाहीत. 'शांतिदूत' एवढंच म्हणतात. मीही तेच म्हणेन.

मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा आणि सेनेका या पाच जमातींत तेव्हा खुनाला खून चालला होता. अशा वेळी शस्त्रं टाका म्हणणाऱ्यावर विश्वास कोण ठेवणार? मोहॉकांनी त्याला धबधब्यावरच्या झाडावर चढवलं आणि झाडच तोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेकोटीपाशी बसलेला दिसला, तेव्हा त्यांनी त्याचं ऐकलं.

लोक या चमत्कारापाशी थांबतात. माझा जीव अडकतो तो त्याच जमातींतल्या हायावाथा नावाच्या एका माणसाच्या प्रसंगात.

हायावाथाच्या मुली एकामागून एक गेल्या. तो गाव सोडून रानात निघून गेला. तिथे त्याने शिंपल्यांचे मणी ओवून सर केले, दोन बेचक्यांवर आडवी काठी ठेवून तिच्यावर टांगले आणि स्वतःशीच म्हणत राहिला, 'माझ्यासारखा कुणी दुःखी भेटला तर हे सर हातात घेऊन मी त्याचं सांत्वन करीन.' त्याच्याकडे मात्र कुणीच आलं नाही. शेवटी शांतिदूत आला. त्याने तेच सर उचलले आणि हायावाथाचेच शब्द हायावाथाला ऐकवले. तुझ्या डोळ्यांतलं पाणी पुसतो, म्हणजे तुला दिसेल. तुझे कान मोकळे करतो, म्हणजे ऐकू येईल. तुझा गळा मोकळा करतो, म्हणजे बोलता येईल. तहाची गोष्ट त्यानंतर निघाली. हा क्रम फार मोलाचा आहे, मंडळी. विश्वास न ठेवणारा माणूस हट्टी असतो असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा त्याचं कुणीतरी गेलेलं असतं आणि त्याबद्दल त्याला कुणी विचारलेलं नसतं.

माझं आजोळ ऐरोलीकडचं. आमच्या आणि शेजारच्या घरात खाजणाच्या बांधावरून अबोला होता. किती वर्षांचा, ते घरातल्या मोठ्यांनाही सांगता येत नसे. दोन्हीकडचे मध्यस्थ येऊन गेले, बांध काही सुटला नाही. आजोबा गेले त्या रात्री आमची चूल बंद. शेजारची म्हातारी मागच्या दाराने पिठलं-भाताचं पातेलं घेऊन आली. पातेलं खाली ठेवलं, आजीचं तोंड आपल्या पदराने पुसलं आणि म्हणाली, "रड गं बाय." आजी तोवर रडली नव्हती. बांधाचं बोलणं पुढे महिन्याभराने झालं, आणि ते आमच्याच ओटीवर झालं.

पुन्हा कथेकडे येतो. बाकीच्या चार जमाती जवळ आल्या तरी ओनोंडागांचा मांत्रिक अडून बसला होता. त्याचं अंग वेडंवाकडं, केसांत साप वळवळणारे. हायावाथाच्या मुलींच्या मृत्यूचा ठपकाही अनेकजण त्याच्यावरच ठेवतात. त्याला मारून टाकणं सोपं होतं. शांतिदूत आणि हायावाथा त्याच्यापाशी गेले, आणि हायावाथाने त्याच्या केसांतले साप विंचरून काढले. ज्याच्यापायी आपल्या मुली गेल्या असं लोक म्हणतात, त्याच्या डोक्यावरून या बापाने कसा हात फिरवला असेल? मी इतकी वर्षं ही कथा सांगतो आहे, पण इथे आलो की आवाज बसतो.

मग पांढऱ्या पाइनच्या मुळांखाली शस्त्रं पुरली गेली. आणि पाचही जमातींच्या संघाच्या सभेतल्या मधल्या अग्नीची राखण दिली ती ओनोंडागांना, त्यांच्या त्या मांत्रिकालाच प्रमुख करून. त्याचं नाव तदोदाहो. हौडेनोशोनींच्या सभेत त्या आसनावर बसणाऱ्याला आजही त्याच नावाने हाक मारतात.