कुणी दिले, हे शोधताना

श्रोतेहो, नमस्कार.

कृतज्ञतेची साधना या विषयावर आज आपल्याशी बोलायचे आहे, आणि सुरुवात मी पैशांपासून करणार आहे, कारण या विषयात बहुधा तीच बाजू बोलायची राहून जाते.

मुंबईहून कसारा घाट चढून गेले की इगतपुरी येते. तिथल्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून विपश्यना या ध्यानपद्धतीची दहा दिवसांची निवासी शिबिरे भरतात. राहण्याचे, जेवणाचे किंवा शिकवण्याचे शुल्क तिथे घेत नाहीत, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु याच व्यवस्थेतला दुसरा नियम मला अधिक मोलाचा वाटतो: ज्याने एकही शिबिर पूर्ण केलेले नाही, त्याने देऊ केले तरी त्याचे दान स्वीकारले जात नाही. याचा अर्थ असा की पहिल्यांदा बसणाऱ्या साधकाच्या ताटातला वरणभात कुणीतरी आधीच देऊन ठेवलेला असतो, आणि देणाऱ्याला हे जेवण कोण जेवणार आहे याची कल्पनाही नसते. स्वयंपाकघरात आणि भोजनगृहात राबणारे धम्मसेवक हे जुने साधकच असतात व त्यांना वेतन नसते. साधकांना आर्य मौन, म्हणजे आपसांत न बोलण्याचा नियम, पाळायचा असल्यामुळे वाढणाऱ्याला ‘आभारी आहे’ एवढेही म्हणता येत नाही. शब्दांत मोकळी होऊ न शकलेली ती जाणीव मग मनात टिकून राहते. अखेरच्या टप्प्यात शिकवल्या जाणाऱ्या मंगल मैत्रीत, म्हणजे सर्वांचे भले चिंतणाऱ्या ध्यानात, तिला वाट मिळते, आणि निघताना साधक दान देतो ते पुढे येणाऱ्या अनोळखी माणसासाठी.

या परंपरेचा इतिहासही ऋणाचाच आहे. ही शिबिरे भारतात सुरू करणारे सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशातल्या मंडाले येथे झाला. अर्धशिशीने हैराण झालेले हे तरुण उद्योजक १९५५ मध्ये रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे त्या देशाच्या सरकारचे महालेखापाल होते आणि कार्यालय सांभाळूनच ते ध्यान शिकवत. भारतातून आलेली ही विद्या ब्रह्मदेशाने जपली, आता ती भारताला परत करून ऋण फेडले पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. स्वतः येणे मात्र त्यांना जमले नाही. १९६९ मध्ये गोएंका आजारी आईसाठी भारतात आले आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबईतल्या एका धर्मशाळेत त्यांनी पहिले शिबिर घेतले. त्या शिबिरात त्यांचे आईवडीलही बसले होते. पुढे गोराईला उभा राहून २००९ मध्ये खुला झालेला विपश्यना पॅगोडा रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोडाच्या धर्तीवर बांधला आहे, तो ब्रह्मदेशाविषयीची कृतज्ञता म्हणून. त्याच्या घुमटाखाली आधाराचा एकही खांब नाही आणि तिथे सुमारे आठ हजार माणसे एका वेळी ध्यानाला बसू शकतात. गोराईच्या खाडीतून बोटीने जाणाऱ्या पाहुण्यांनी छायाचित्रे जरूर काढावीत, पण श्वासाकडे लक्ष देण्याचे, म्हणजे आनापानाचे, प्राथमिक शिक्षणही तिथे मिळते. त्यासाठी थोडा वेळ राखून ठेवावा.

आजच्या शिबिरांसाठी आपण प्रवास करतो. प्राचीन बौद्ध भिक्षू मात्र पावसाळ्यात प्रवास थांबवून एके ठिकाणी राहत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी अशा निवासाची जागा होती. शंभराहून अधिक लेणी, बसायला कातळात कोरलेले बाक, आणि जागोजागी पावसाचे पाणी साठवणारी टाकी. तिथले शिलालेख वाचले गेले आहेत, आणि त्यांत कल्याण, सोपारा अशा गावांतल्या दात्यांची नावे आहेत. कुणी लेणे दिले, कुणी पाण्याचे टाके खोदवून दिले, कुणी भिक्षूंच्या वस्त्रांची कायमची तरतूद केली. एकांतात बसलेल्या साधकाचे पाणीसुद्धा कुणीतरी दिलेले आहे, हे त्या काळी दगडावर लिहून ठेवले गेले, याचे मला फार अप्रूप वाटते.

योगासनांच्या बाबतीतही मुंबईकरांनी ओळखावे असे ऋण आहे. श्री योगेंद्र यांनी १९१८ साली वेसाव्याला योग संस्था सुरू केली, ती आज सांताक्रूझला आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून आसन-प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभला. दोघेही परमहंस माधवदासजींचे शिष्य. संसारी माणसाला योग शिकता येतो, हे आज आपण गृहीत धरतो ते अशा लोकांच्या खटपटीमुळे.

आता घरच्या साधनेविषयी. गिरगावातल्या चाळीच्या खोलीत किंवा विरारच्या छोट्या सदनिकेतही ती करता येते. आसने झाल्यावर शवासनात पडून राहावे, श्वास संथ होऊ द्यावा, आणि मग ‘जगातल्या सर्वांविषयी कृतज्ञता’ अशी मोघम भावना न आणता एक माणूस आणि त्याची एकच कृती डोळ्यांपुढे आणावी. उदाहरणार्थ, सकाळी उठून प्यालेले पाणी. ते आपल्या नळाला यावे म्हणून महापालिकेचा चावीवाला ठरलेल्या वेळी झडप उघडतो. मुंबईत ते पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा जलाशयांतून येते, आणि हे जलाशय ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत, तिथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. इगतपुरीला जाणारी गाडी याच तालुक्यातून जाते. इतका शोध घेतल्यावर मनात केवळ प्रसन्नता राहत नाही, थोडी अस्वस्थताही येते, आणि ती टाळू नये असे माझे ठाम मत आहे. गळका नळ त्याच दिवशी दुरुस्त करून घेणे, हा त्या साधनेचाच भाग समजावा.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अन्याय सोसणाऱ्याला ‘आहे त्यात समाधान मान’ असे सांगण्यासाठी कृतज्ञतेचा वापर कधीही करू नये. पतंजलींनी योगसूत्रांत साधकाच्या आचरणाच्या नियमांमध्ये संतोष सांगितला, तो साधकाने स्वतःसाठी पाळायचा आहे. थकलेला पगार मागणाऱ्या कामगाराला किंवा घरात छळ होणाऱ्या सुनेला गप्प करण्यासाठी तो नाही. तसेच, दीर्घ मौनाचे शिबिर प्रत्येकाच्या प्रकृतीला मानवतेच असे नाही. मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि प्रवेश अर्जात ती माहिती प्रामाणिकपणे लिहावी.

शेवटी, शिबिराला निघणाऱ्या श्रोत्यांना एक विनंती. आपण दहा दिवस मौनात बसलेले असतो, तेव्हा घरी पाणी भरणे, सासूबाईंच्या गोळ्या वेळेवर देणे, मुलांचे शाळेचे डबे आणि कार्यालयातल्या आपल्या टेबलावरच्या फाइली हे सगळे कुणी ना कुणी उचललेले असते, आणि आपल्या घरांत ते बहुतेकदा बायकांकडेच येते. परतल्यावर स्वतःचे अनुभव सांगण्याआधी त्यांचे दहा दिवस कसे गेले, हे सविस्तर विचारावे. त्यांनाही कुठे जाऊन शांत बसायचे असेल, तर त्या तारखांना आपण रजा टाकावी, आणि पाण्याची वेळ, गोळ्यांचा क्रम व डब्यांतल्या भाज्या आधीच विचारून कागदावर लिहून घ्याव्यात.

नमस्कार.