राळेगावची काटापट्टी, हिंगणघाटचा चुकारा

[दृश्य: कापूस खरेदी केंद्राचं आवार. वजनकाट्यावर चढणारी ट्रॅक्टर-ट्रॉली, मागे गाड्यांची रांग.]

दिवाळी झाली की राळेगावच्या खरेदी केंद्रासमोर गाड्या लागतात. ट्रॅक्टर, मेटॅडोर, क्वचित एखादी बंडी. भरली गाडी काट्यावर चढते, कापूस खाली होतो, रिकामी गाडी पुन्हा चढते. दोन वजनांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा माल. काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, हाती पडली की पुढचा प्रश्न ठरलेला.

"पट्टी तं झाली जी, चुकारा कव्हा भेटन?"

चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, हिंगणघाटहून होतो. हिशोबाचा सर्व्हर तिथल्या मुख्य ऑफिसात आहे. मध्ये वर्धा नदी, नदीपलीकडे जिल्हाही वेगळा. आतापर्यंत मुनीमजी संध्याकाळी फोनवर एकेक पट्टी वाचून दाखवायचे आणि तिकडे ती पुन्हा टाइप व्हायची. २६.४० क्विंटलचं २४.६० झालं, की त्या शेतकऱ्याच्या चकरा सुरू. वेचणीची मजुरी त्याला रोख द्यावी लागते, म्हणून अडकलेला एकेक दिवस त्याला जड जातो.

[दृश्य: ऑफिसच्या भिंतीवरचा राउटर. वायरी बाजूला करणारे हात.]

यावर एक झटपट उपाय हमखास सुचवला जातो: हिंगणघाटच्या राउटरवर एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचं दार, उघडा आणि सर्व्हर थेट इंटरनेटवर आणा. हे अजिबात करू नये. इंटरनेटवर उघडी पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात, आणि या सर्व्हरमध्ये शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक आहेत. ते सांभाळणं ही खरेदीदाराची जबाबदारी आहे.

योग्य मार्ग म्हणजे दोन्ही ऑफिसच्या राउटरांमध्ये व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारी खाजगी वाट. राळेगावहून हिंगणघाटच्या नेटवर्ककडे निघालेलं प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, राळेगावचा राउटर कुलूपबंद करतो, ते साध्या इंटरनेटवरूनच जातं आणि हिंगणघाटचा राउटर ते उघडतो. काट्यावरच्या संगणकात काहीही नवीन टाकावं लागत नाही. त्याच्या दृष्टीने सर्व्हर जणू शेजारच्या खोलीत आहे.

[दृश्य: वहीवर पेनाने काढलेला नकाशा. दोन चौकोन, मध्ये एक रेघ.]

हे काम करायला वर्ध्याहून आलेल्या ताईंनी आधी राउटरला हातच लावला नाही. वही मागितली. दोन्ही ऑफिसांचे आतले पत्ते लिहिले, आणि अडचण तिथेच दिसली: दोन्हीकडे १९२.१६८.१ ची मालिका. बहुतेक राउटर कारखान्यातून अशाच एखाद्या मालिकेसह येतात आणि आपण ती कधी बदलत नाही. पण दोन्ही बाजूंना एकच मालिका असेल, तर समोरचा संगणक आपल्याच ऑफिसात आहे असं इथला संगणक समजतो आणि पॅकेट राउटरकडे पाठवतच नाही. म्हणून हिंगणघाटला १९२.१६८.१० आणि राळेगावला १९२.१६८.२० दिली. पट्टी छापणारा प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर यांचे ठरीव पत्ते हाताने बदलावे लागले. सगळ्यात वेळखाऊ काम हेच होतं. म्हणूनच ते दसऱ्याच्या आधी, काटा रिकामा असताना करायचं.

दुसरा प्रश्न बाहेरच्या पत्त्याचा. हिंगणघाटच्या कनेक्शनला स्वतःचा स्थिर सार्वजनिक पत्ता आहे. राळेगावला मिळालेला पत्ता १००.६४ ने सुरू होणारा निघाला. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवता यावेत म्हणून. अशा ग्राहकापर्यंत बाहेरून कुणी पोचू शकत नाही, पण तो बाहेर जाऊ शकतो. तेव्हा ठरलं: जोडणीचा फोन नेहमी राळेगावचा राउटर लावणार, हिंगणघाटचा फक्त उचलणार. एका टोकाला सार्वजनिक पत्ता असला की एवढं भागतं.

[दृश्य: लॅपटॉपच्या पडद्यावर राउटरची सेटिंग. शेजारी स्पीकरवर ठेवलेला मोबाइल.]

व्हीपीएनची पद्धत निवडली आयपीसेक, आणि राउटरांनी आपसात जोडणी ठरवण्यासाठी आयकेई व्हर्जन २. वायरगार्ड ही दुसरी पद्धतही चालली असती, त्याची मांडणी सोपी आहे. पण हिंगणघाटच्या जुन्या राउटरला ती येत नव्हती.

आता दोन्ही टोकांना माणसं, कानाला फोन. कुलपाच्या सेटिंग दोन्हीकडे जुळवायच्या.

"एईएस २५६?"

"हाव ताई, २५६."

"एसएचए २५६, ग्रुप १४?"

"थांबा जी... इथं २ दिसून राह्यला."

इथे 'जवळपास सारखं' चालत नाही. एक आकडा वेगळा असला की बोलणी तुटतात. आतल्या मालिकाही आरशासारख्या उलट भराव्या लागतात: इथलं 'आपलं' ते तिथलं 'समोरचं'.

मग गुप्त किल्ली. लांबलचक, अर्थ नसलेली अक्षरं, दोन्हीकडे तीच. ही किल्ली डेटाला कुलूप लावत नाही; समोरचा राउटर आपलाच आहे, एवढंच ती पटवते. कुलपाची खरी किल्ली दोन्ही राउटर डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पद्धतीने तयार करतात. मधली सगळी बोलणी कुणी ऐकली, तरी त्याला ती किल्ली काढता येत नाही, आणि राउटर ती ठरावीक वेळाने बदलतही राहतात. व्यवहारातलं हे एक थोर गणित आहे, आणि ते आज कापसाच्या काट्यामागे चालतंय याचा आनंद वाटतो. ओळख पटवणारी किल्ली मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. ताईंनी ती कागदावर लिहून स्वतः नेऊन दिली.

[दृश्य: पडद्यावर 'एस्टॅब्लिश्ड' अशी ओळ. त्याच्याच खाली निष्फळ जाणारे पिंग, म्हणजे पलीकडे पोचतंय का हे पाहणारे छोटे संदेश.]

टनेल, म्हणजे दोन राउटरांमधली ही कुलूपबंद वाट, उभं राहिलं, पण पलीकडून उत्तर नाही. राउटरची सवय अशी, की बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर तो आतला पत्ता पुसून स्वतःचा लावतो. यालाच नॅट म्हणतात. पत्ता बदललेलं पॅकेट टनेलच्या अटीत बसत नाही, ते तसंच इंटरनेटकडे निघतं आणि हरवतं. उपाय: २० च्या मालिकेतून १० कडे जाणाऱ्या पॅकेटना हात लावू नये, असा नियम नॅटच्या नियमाच्या वर ठेवायचा. वरच, खाली ठेवला तर उपयोग नाही. हिंगणघाटलाही असाच, उलट दिशेचा.

पिंग चालू झाले, तरी हिशोबाचं सॉफ्टवेअर मध्येच अडकायचं. कारण मापाचं. साधं पॅकेट १५०० बाइटांपर्यंतचं असतं. कुलपाचं ओझं चढलं की ते त्यापुढे जातं. पिंग लहान, म्हणून निसटतो. पट्ट्यांची मोठी यादी अडकते. राउटरवर टीसीपीच्या, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या पद्धतीने माहिती पाठवतं तिच्या, एका तुकड्याचं कमाल माप १३६० बाइटांवर आणलं आणि यादी लगेच उघडली.

शेवटी फायरवॉल, म्हणजे कुणी कुठवर जायचं हे ठरवणारे नियम. टनेल आहे म्हणून सगळं सगळ्यांना मोकळं सोडायचं नाही. काट्याचा संगणक फक्त हिशोबाच्या सर्व्हरपर्यंत पोचतो, डीव्हीआर पलीकडे कुठेच पोचत नाही.

वीज जाणारच, हे धरून राउटर आणि फायबरची पेटी यूपीएसवर घेतली. समोरचा राउटर जिवंत आहे का, हे दोन्हीकडून थोड्या थोड्या वेळाने तपासलं जातं. उत्तर आलं नाही की जुनी जोडणी मोडून राळेगाव पुन्हा फोन लावतं.

[दृश्य: काट्यावरून उतरणारी रिकामी ट्रॉली. प्रिंटरमधून निघणारी पट्टी. हिंगणघाटच्या पडद्यावर तोच पट्टी क्रमांक.]

आता राळेगावला पट्टी छापली, की तोच क्रमांक, तेच वजन हिंगणघाटला दिसतं. टाइप करणारा दुसरा हात मध्ये नाही. मुनीमजी गाडीवाल्याला सांगतात, "काका, तुमचा आकडा तिकडं पोचला."

दोन्ही राउटरच्या सेटिंगची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तिजोरीत ठेवली आहे. वहीतल्या नकाशात तिसरा चौकोनही काढून झाला: समुद्रपूरचं केंद्र, मालिका १९२.१६८.३०.